पेनड्राइव्हवरची एमपीथ्री गाणी लॅपटॉपवर नीट, गाडीत गोंधळ: दोष नेमका कुठे शोधायचा

श्रावण लागला की त्र्यंबकच्या रस्त्यावर गर्दी वाढते, नवरात्र आलं की वणीच्या. आणि त्याच सुमाराला माझ्याकडे पेनड्राइव्ह यायला लागतात. तक्रार ठरलेली असते. गाणी लॅपटॉपवर वाजतात, मोबाइलवर वाजतात, पण गाडीच्या स्टिरिओत किंवा मंडळाच्या स्पीकरला लावली की काहीतरी बिनसतं. कुठे नावांच्या जागी चौकोन येतात, कुठे काकड आरतीच्या आधीच पसायदान लागतं, कुठे पाच मिनिटांचं गाणं पंचवीस मिनिटांचं दिसतं. पंचवटीतल्या एका भजनी मंडळाच्या काकू म्हणाल्या, "अहो दादा, गेल्याच वर्षी सगळी गाणी नव्याने कन्व्हर्ट करून घेतली होती. तरी पुन्हा तेच!"

तक्रार दरवर्षी परत का येते, याचं उत्तर काकूंच्या त्या 'कन्व्हर्ट'मध्येच आहे. एमपीथ्रीतून पुन्हा एमपीथ्री बनवली की प्रत्येक वेळी आवाजातला थोडा भाग कायमचा जातो, आणि मूळ बिघाड बहुतेक वेळा आवाजात नसतोच. तो असतो आवाजाच्या अवतीभवती: फाइलला चिकटवलेल्या माहितीत, फाइलच्या नावात किंवा पेनड्राइव्हवर फाइल कुठल्या क्रमाने बसली आहे त्यात. म्हणून कन्व्हर्टरला हात लावायच्या आधी पुढचं सगळं तपासा.

ती खरंच एमपीथ्री आहे का?

हा सगळ्यात सोपा प्रश्न, आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. फाइलच्या नावाच्या शेवटी एमपीथ्री लिहिलं म्हणून आतला मजकूर बदलत नाही. व्हॉट्सअॅपवर रेकॉर्ड केलेला आवाजी निरोप ओपस या वेगळ्याच प्रकारचा असतो. नेटवरून उतरवलेलं गाणं पुष्कळदा एएसी या आणखी एका प्रकारचं असतं, एम४ए नावाच्या डब्यातलं. कुणीतरी त्याचं फक्त नाव बदलून ठेवलेलं असतं. मोबाइलमधला प्लेअर नावावर विसंबत नाही, आत डोकावून ओळखतो आणि गुपचूप वाजवतो. गाडीतला स्वस्त स्टिरिओ नावावर विश्वास ठेवतो, आत एमपीथ्री सापडत नाही, आणि पुढच्या गाण्यावर उडी मारतो.

तपासायला व्हीएलसी हा प्लेअर पुरेसा आहे. गाणं चालू करा, 'टूल्स'मध्ये 'कोडेक इन्फॉर्मेशन' उघडा. तिथे एमपेग ऑडिओ दिसलं तर ठीक. एएसी, ओपस किंवा व्हॉर्बिस दिसलं तर मात्र कन्व्हर्ट करण्याला पर्याय नाही, तेही एकदाच आणि मूळ फाइलपासून. तिथेच नमुना दर, म्हणजे सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत तो आकडा) हीसुद्धा बघून ठेवा. जुन्या व्हॉइस रेकॉर्डरवर घेतलेली कीर्तनं कधीकधी ८,००० किंवा ११,०२५ हर्ट्झवर असतात. हे दर एमपेग-२.५ नावाच्या विस्तारात येतात आणि तो विस्तार अधिकृत मानकाचा भाग कधीच नव्हता. त्यामुळे काही यंत्रं अशा फाइली वाजवतात, काही सरळ नाकारतात. ४४,१०० हर्ट्झ ठेवलं तर कुठलाच स्टिरिओ तक्रार करत नाही.

फाइलच्या आत काय असतं

पुढचे दोष कळायला फाइलची रचना थोडी माहीत हवी. एमपीथ्री म्हणजे एमपेग-१ मानकातल्या ऑडिओचा तिसरा स्तर. मानक १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामागचं बरंचसं काम जर्मनीतल्या एर्लांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं, आणि फाइलच्या नावामागचं 'एमपीथ्री' हे शेपूटही तिथेच जुलै १९९५ मध्ये ठरलं.

सीडीवरचा आवाज सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट जागा खातो. एमपीथ्री त्यातून कानाला जाणवणार नाही असा भाग वगळते. पखवाजाची जोरदार थाप पडली की त्याच क्षणी शेजारच्या स्वरांतले बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. असे झाकले गेलेले आवाज ती ढोबळपणे लिहिते किंवा सोडूनच देते. १२८ किलोबिटला आणलं की फाइल सीडीच्या साधारण अकराव्या हिश्श्यावर येते.

हा आवाज एका अखंड पट्टीसारखा लिहिलेला नसतो. त्याचे छोटे तुकडे असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये १,१५२ नमुने, म्हणजे ४४,१०० हर्ट्झला साधारण २६ मिलिसेकंद. सेकंदाला अडतीसेक फ्रेमा. १२८ किलोबिटला प्रत्येक फ्रेम ४१७ किंवा ४१८ बाइटची. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते तेव्हा प्रत्येक दिंडीचा जसा आपापला क्रमांक आणि झेंडा असतो, तशी प्रत्येक फ्रेम सुरुवातीला चार बाइटांत आपली ओळख घेऊन चालते: माझा बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) इतका, नमुना दर इतका, मी मोनो की स्टिरिओ. मधली एखादी खराब झाली तरी प्लेअर पुढच्या फ्रेमची खूण शोधतो आणि वाजवत राहतो. म्हणून अर्धवट उतरलेली एमपीथ्रीसुद्धा वाजते. हा मोठा फायदा आहे. पण याचाच तोटा असा की गाण्याची एकूण लांबी लिहायला मूळ मानकात जागाच नाही.

वेळ चुकीची दिसते, पुढे ढकललं की भलतीकडे जातं

बिटरेट शेवटपर्यंत एकसारखा असेल तर लांबी काढणं सोपं आहे, फाइलच्या आकाराला बिटरेटने भागायचं. पण बदलत्या बिटरेटच्या, म्हणजे व्हीबीआर फाइलीत शांत जागी ३२ किलोबिट आणि भरगच्च जागी ३२०, असं चालतं. यावर तोडगा म्हणून पहिल्या फ्रेममध्ये आवाजाऐवजी एक नोंद ठेवायची पद्धत पडली. तिला झिंग हेडर म्हणतात. त्यात एकूण फ्रेमा किती आणि गाण्याचा कितवा भाग फाइलमध्ये कुठे येतो, याचा तक्ता असतो.

ही नोंद नसेल, तर साधा प्लेअर पहिली फ्रेम बघतो आणि सगळी फाइल तशीच असेल असं धरून चालतो. समजा गाण्याच्या सुरुवातीला शांतता आहे, पहिली फ्रेम ३२ किलोबिटची आहे आणि फाइल ६ एमबीची. हिशेब येतो २५ मिनिटांचा. प्रत्यक्षात सरासरी १६० किलोबिट असेल तर गाणं पाचच मिनिटांचं असतं. मग पडद्यावर पंचवीस मिनिटं दिसतात आणि पाचव्या मिनिटाला गाणं 'मध्येच' संपतं. गाणं कापलं गेलंय असं वाटून लोक ते पुन्हा उतरवतात.

उलटाही प्रकार होतो. कीर्तनाचे तीन भाग कुठल्यातरी साध्या अॅपने एकापुढे एक जोडले, की पहिल्या भागाची झिंग नोंद तशीच राहते. फाइल दीड तासाची असते, दिसते अर्ध्या तासाची. काही स्टिरिओ अर्ध्या तासाला थांबतात, काही पुढे वाजवत राहतात आणि घड्याळ मात्र गोठलेलं.

दोन्हींवर उपाय एकच. विंडोजवर फूबार २००० या प्लेअरमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'युटिलिटीज'मधलं 'फिक्स व्हीबीआर एमपीथ्री हेडर' वापरा. आवाजाला धक्का लागत नाही, फक्त नोंद नव्याने लिहिली जाते. एफएफएमपेग हा कमांड देऊन चालवायचा प्रोग्राम ज्यांना येत असेल त्यांनी आवाज नव्याने एन्कोड न करता, म्हणजे पुन्हा एमपीथ्री न बनवता, 'कॉपी' पद्धतीने नवी फाइल लिहून घ्यावी, परिणाम तोच.

माझं स्वतःचं मत विचाराल तर कीर्तन, प्रवचन, पोथी अशा लांब रेकॉर्डिंगसाठी व्हीबीआरच्या वाटेला जाऊच नका. एकसारखा ६४ किलोबिट, मोनो. एका तासाला २८.८ एमबी होतात, बोलणं स्वच्छ ऐकू येतं, आणि कितीही जुना स्टिरिओ असला तरी पुढे-मागे ढकलणं बरोबर चालतं. बोलणाऱ्या एका माणसाला स्टिरिओत ठेवून काही साधत नाही.

नावांचा गोंधळ

मराठी गाण्यांना हा शाप जरा जास्तच आहे. गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती आवाजात नसते. ती आयडीथ्री नावाच्या टॅगमध्ये असते आणि टॅगही मूळ मानकाचा भाग नाही, तो लोकांनी नंतर चिकटवला. पहिली आवृत्ती १९९६ ची: फाइलच्या शेवटी १२८ बाइट, त्यात नावाला फक्त ३० बाइट. इंग्रजीत तीस अक्षरं बसतात. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याची एक पद्धत) तीन बाइट खातं, म्हणजे दहा चिन्हं, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'सुंदर ते ध्यान' एवढंही पुरतं मावत नाही. नावं मध्येच तुटलेली दिसत असतील तर तुमचा प्लेअर हा जुना टॅग वाचतोय असं समजा.

दुसरी आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला बसते आणि तिला लांबीची अडचण नाही. पण तिच्यातही २.३ आणि २.४ असे दोन पोटप्रकार आहेत. २.४ मध्ये यूटीएफ-८ चालतं. २.३ मध्ये देवनागरीसाठी यूटीएफ-१६ ही दुसरी पद्धत लागते. पुष्कळ गाड्यांच्या स्टिरिओंना २.३ नीट कळतं आणि २.४ अर्धवट. म्हणून मोबाइलवर सुंदर दिसणारं नाव गाडीत बिघडतं.

पडद्यावर नेमकं काय दिसतंय ते नीट बघा, कारण प्रत्येक खुणेचा अर्थ वेगळा आहे.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा इंग्रजी 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मधली देवनागरी यंत्राने युरोपीय अक्षरं समजून वाचली आहे, एवढंच. टॅग २.३ मध्ये लिहिला की प्रश्न मिटतो. रिकामे चौकोन दिसत असतील तर यंत्राला अक्षर कळलंय, पण ते काढायला त्याच्याकडे देवनागरी फॉन्टच नाही. इथे टॅग कितीही बदला, फरक पडणार नाही. नावं रोमन लिपीत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. अक्षरं देवनागरीच आहेत पण 'विठ्ठल'ची वेलांटी 'व'च्या पुढे गेलीय आणि 'ठ'चे पाय मोडलेत, असं असेल तर फॉन्ट आहे, जोडाक्षरं जुळवायची सोय नाही. वाचता येत असेल तर सोडून द्या. आणि ओळीने प्रश्नचिन्हं दिसत असतील तर वाईट बातमी: कुठल्यातरी प्रोग्रामने मजकूर रूपांतरित करताना मूळ अक्षरं पुसून त्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हं लिहिली आहेत. ती परत आणता येत नाहीत. नावं पुन्हा टाइप करावी लागतात.

टॅग दुरुस्तीसाठी एमपीथ्रीटॅग हा प्रोग्राम मला सगळ्यात सुटसुटीत वाटतो, लिनक्सवर किड३. एमपीथ्रीटॅगच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'टॅग्ज', त्यात 'एमपेग' या ठिकाणी जाऊन लिहिण्याचा प्रकार आयडीथ्री २.३ यूटीएफ-१६ असा निवडा. मग फोल्डर उघडा, सगळी गाणी निवडा, 'सेव्ह' करा. आवाज जसाच्या तसा राहतो. एकाच फाइलीत जुना आयडीथ्री, नवा आयडीथ्री आणि एपीई नावाचा वेगळाच, असे तीन टॅग एकावर एक असू शकतात. तुम्ही एक सुधारता आणि गाडी दुसराच वाचते, म्हणून 'बदललं तरी जुनंच नाव येतं'. त्याच पानावर जुना टॅग आणि एपीई काढून टाकायचीही सोय आहे.

आणखी एक. अल्बमचं चित्रही याच टॅगमध्ये, म्हणजे आवाजाच्या आधी बसतं. कुणी देवीचा चार-पाच एमबीचा फोटो प्रत्येक गाण्यात कोंबलेला असला, की प्लेअरला तेवढं सगळं ओलांडून पहिल्या फ्रेमपर्यंत पोहोचावं लागतं. गाणं सुरू व्हायला वेळ लागत असेल तर आधी चित्र काढून बघा. ५०० पिक्सेलचा साधा जेपेग पुरतो.

क्रम उलटसुलट

याचा एमपीथ्रीशी काहीच संबंध नाही, पण तक्रार तिच्याच नावावर फुटते. लॅपटॉप फाइली नावानुसार लावून दाखवतो. गाडीतले अनेक स्टिरिओ तसं करत नाहीत. पेनड्राइव्हच्या यादीत जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. सगळी गाणी एकदम निवडून माउसने ओढली तर जी फाइल धरून ओढली ती आधी जाऊ शकते. आणि एखादं गाणं पुसून नवं टाकलं, तर नवं गाणं यादीतल्या त्या मोकळ्या जागेत जाऊन बसतं. शेवटी टाकलेलं पसायदान मध्येच का लागतं, ते आता कळेल.

नावांच्या आधी ००१, ००२ असे आकडे घाला. नुसते १, २ घातले तर काही यंत्रं १ नंतर १० आणि मग २ लावतात. मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करून फाइली त्याच क्रमाने पुन्हा भरा. फॅटसॉर्टसारखा छोटा प्रोग्राम भरलेल्या पेनड्राइव्हची यादीही क्रमाने लावून देतो. फॉरमॅट करताना फॅट३२ (पेनड्राइव्हवर फाइली मांडायची जुनी पद्धत) निवडा. ३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत हा पर्याय मिळत नाही, म्हणून लोक एक्सफॅट ही नवी पद्धत निवडून बसतात आणि जुन्या गाडीला पेनड्राइव्हच दिसत नाही. मोठा पेनड्राइव्ह घ्यायची गरज तरी काय? १९२ किलोबिटला १६ जीबीत दीडशे तासांपेक्षा जास्त गाणी मावतात.

मॅकवरून भरलेल्या पेनड्राइव्हवर प्रत्येक गाण्याची एक न वाजणारी जुळी फाइल दिसते, नाव टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारं. ती मॅकने स्वतःसाठी ठेवलेली नोंद असते. खुशाल पुसा.

आवाजच खराब आहे तेव्हा

आता खरा आवाजाचा दोष. टाळांचा आवाज पाण्यातून आल्यासारखा घरघरतो, तबल्याच्या थापेच्या किंचित आधी धूसर 'फुस्स' ऐकू येतं. हे कमी बिटरेटचं लक्षण. शांततेनंतर अचानक ठोका आला की त्याला ढोबळपणे लिहिताना झालेली चूक पूर्ण तुकडाभर पसरते, ठोक्याच्या आधीच्या भागातसुद्धा. एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, अशा जागी लहान तुकडे वापरतो, पण बिट पुरेसे नसतील तर तोही काय करणार? भजनात टाळ, चिपळ्या, घुंगरू असं सगळं टोकदार एकदम वाजतं, आणि नाशिक ढोलात ताशाची तडतड अखंड चालू असते. म्हणून गझलेला १२८ किलोबिट चालून जातो, ढोल-ताशाला नाही. त्याला किमान १९२, जागा असेल तर २५६.

पण १२८ ची फाइल ३२० ला 'वाढवून' काहीही परत येत नाही. १२८ ला करताना साधारण १६-१७ हजार हर्ट्झच्या वरचा आवाज कापलेला असतो, तो गेला तो गेला. ३२० केल्यावर फाइल अडीचपट होते आणि आवाज असलाच तर किंचित वाईटच. बाजारात '३२० केबीपीएस' म्हणून मिळणाऱ्या गाण्यांत असा माल भरपूर असतो. स्पेक नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये फाइल टाका. आलेख १६ हजारांच्या आसपास धारदार रेषेत कापलेला दिसला, तर त्या ३२० वर विश्वास ठेवू नका. मूळ सीडी किंवा मूळ रेकॉर्डिंग शोधा. तेवढाच मार्ग आहे.

नुसतं सुरुवात-शेवट कापायचं असेल तर ऑडॅसिटी हा आवाज कापाजोडीचा प्रोग्राम वापरू नका, कारण ती निर्यात करताना सगळं पुन्हा एन्कोड करते. एमपीथ्री डायरेक्टकट हा प्रोग्राम फ्रेमच्या सीमेवर कापतो, आवाज तसाच राहतो. ऑडॅसिटी वापरायचीच असेल तर जुने व्हिडिओ सांगतात तशी 'लेम' या एन्कोडरची फाइल वेगळी उतरवत बसू नका. ती पेटंटांमुळे आलेली कटकट होती. फ्राउनहोफरने २०१७ मध्ये एमपीथ्रीचे परवाने देणं थांबवलं, आणि हल्ली ऑडॅसिटीत ती सोय आतच असते.

एक गाणं हळू, पुढची आरती कानठळ्या बसवणारी, यालाही कन्व्हर्टर नको. प्रत्येक फ्रेममध्ये आवाजाच्या एकूण पातळीचा एक आकडा असतो. एमपीथ्रीगेन तो दीड-दीड डेसिबलच्या पायरीने वरखाली करतो, आणि नको वाटलं तर परतही करता येतं.

मध्येच चिर्र आवाज किंवा सलग शेवटची गाणी बंद

चिर्र आवाज म्हणजे फुटलेल्या फ्रेमा. गाणी भरताना पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपसला की असं होतं. मूळ फाइल लॅपटॉपवर नीट वाजत असेल तर पुन्हा कॉपी करा, काम संपलं. पण पहिली काही गाणी छान आणि एका ठरावीक जागेनंतरची सगळीच मुकी, असं प्रत्येक वेळी होत असेल तर संशय पेनड्राइव्हवर घ्या. स्वस्तात मिळालेला ६४ जीबीचा पेनड्राइव्ह प्रत्यक्षात ८ जीबीचाही असू शकतो. फाइलींची नावं, आकार सगळं दिसतं, आत काहीच लिहिलेलं नसतं. एचटूटेस्टडब्ल्यू हा प्रोग्राम पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतो आणि खरी क्षमता सांगतो. वेळ बराच लागतो, रात्री लावून झोपावं. तपासणी नापास झाली तर तो पेनड्राइव्ह गाण्यांनाही वापरू नका आणि घरच्या फोटोंना तर मुळीच नाही.